ऑक्टोबरातला खड्डा

"एक घास. एकच घे. बघ, वर लोणी लावलंय. एरवी मागून मिळालं असतं का तुला लोणी?"

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी रोलांद डेगल स्वयंपाकघरात शेगडीपुढे फरशीवर बसून कुत्र्याची मनधरणी करत होती. पासष्टीला टेकलेली बाई, गुडघे कामातून गेलेले. एकदा खाली बसली की उठवायला माणूस लागायचं. पण उजाडल्यापासून ती तिथून हलली नव्हती. हातात कुट्टूच्या पिठाचं घावन होतं, कोंबडीच्या रश्श्यात भिजवलेलं. समोर पतात आडवा पडला होता. त्यानं नाक पुढं केलं, हुंगलं, आणि तोंड फिरवून घेतलं.

पतात म्हणजे त्यांच्या फ्रेंचमध्ये बटाटा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, जिथं नदी ओलांडली की कॅनडा लागतो, तिथं सगळ्यांच्या पिढ्या बटाट्यांतच गेलेल्या. कुत्र्याला दुसरं नाव सुचणार तरी काय? रोलांदचा मुलगा लूक पंधरा वर्षांचा असताना काढणीच्या सुट्टीत शेतात बटाटे वेचत होता, तेव्हा एका रिकाम्या पिंपात त्याला हे पिल्लू सापडलं. रंग मातकट, अंग गाठीगाठीचं, दोन्ही बाजूंनी सारखंच बेढब. लूकचा बाप ओनील म्हणाला होता, "बटाटे आणायला पाठवलं तर हे काय घेऊन आलास?" त्यावर लूक म्हणाला, "बटाटाच आहे, पपा. जरा धुवायचा राहिलाय." बापलेकांचा हा विनोद पुढं कित्येक वर्षं घरात चालला, आणि दर खेपेला दोघं पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लूक बर्फावरची स्नोमोबाइल घेऊन गोठलेल्या तळ्यावर गेला. पतात त्याच्या मागं बसला होता, नेहमी बसायचा तसा. मधल्या एका जागी बर्फ पातळ होतं. पतात एकटाच घरी आला. भिजलेला, पोटाखालच्या केसांना बर्फाचे गोळे लटकलेले. दाराशी उभा राहून आवाज बसेपर्यंत भुंकत राहिला. लूक सव्वीस वर्षांचा होता.

तेव्हापासून रोलांदच्या लेखी त्या कुत्र्यात अर्धा लूक होता. हे ती बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणीसुद्धा पतातची चौकशी करताना आवाज खाली आणायच्या. आणि आता पतातची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

ऑक्टोबरातच डॉक्टर कॉरिव्होनं, म्हणजे गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी, त्याला तपासून सांगितलं होतं, "हिवाळा काढेल असं काही मला दिसत नाही, रोलांद." हे शब्द कानावर पडले की काय करायचं असतं ते तिकडच्या पोराटोरांनाही कळतं. नोव्हेंबर सरता सरता जमीन गोठते, ती कमरेहून खोल. मग मे महिन्यापर्यंत पहार मारली तरी नुसता खणखण आवाज येतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढं शहाणपण सगळ्या जगाला असतं. इथल्या लोकांना त्याच्या एक पाऊल पुढं जावं लागतं. म्हातारं कुत्रं असो नाहीतर लंगडं घोडं, जे हिवाळा काढणार नाही त्याचा खड्डा पानगळीतच खणून ठेवायचा. जळण रचतात, खिडक्यांच्या फटी बुजवतात, तसंच हेही एक काम. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

ओनीलनं तेच केलं. परसातल्या सफरचंदाच्या झाडाखाली त्यानं फावडं मारायला सुरुवात केली, आणि रोलांदनं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पतात त्या वेळी तिच्या पायाशी बसून शेपटीनं फरशी झाडत होता. ती घरातल्या सपातांवरच बाहेर धावली.

"काय चाललंय हे?"

"खड्डा खणतोय."

"डोळे आहेत मला. कुणासाठी? माझ्यासाठी का? अरे, ते जनावर आत जेवतंय, शेपूट हलवतंय, आणि तू इथं त्याचं माप काढतोयस? मरणाला आवतण द्यायला दुसरा मुहूर्त नाही मिळाला?"

"रोलांद, एकदा जमीन गोठली की..."

"गोठू दे! बुजव तो. भरून टाक आत्ताच्या आत्ता. उद्या उठेन तेव्हा मला तिथं खड्डा दिसता कामा नये."

ओनील डेगल बायकोशी वाद घालून आयुष्यात कधी जिंकला नव्हता, आणि हल्ली त्यानं तो नादही सोडला होता. तो "बरं" म्हणाला. दिवसभर मग तो ट्रॅक्टरवर पिंपं लादून बटाट्याच्या कोठारात नेत राहिला. रोलांदला वाटलं, राग कामावर काढतोय. पुरुषांना दुसरं येतं काय? दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली सपाट माती होती. तिनं खिडकीतून ती पाहिली, आणि पुढं चांगला आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला.

आता त्या मातीवर मांडीएवढं बर्फ होतं, आणि वरून आणखी पडत होतं.

दुपारी लिझेट आली. लूकची धाकटी बहीण, पोर्टलंडच्या शाळेत शिकवते. वाटेत गाडी दोनदा घसरली होती, पण दारात पाऊल टाकताच तिचं लक्ष शेगडीकडं गेलं आणि प्रवासाचं सांगायचं राहूनच गेलं. कपाटाच्या मुठीला सलाइनची पिशवी टांगलेली होती, नळी पतातच्या मानेच्या कातडीत. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या.

"ममा, हा केवढा राहिलाय गं!"

"हिवाळ्यात उतरतंच अंग," रोलांद म्हणाली. "मे महिन्यात बघ, कसा टुणटुणीत होतो ते."

लिझेटनं बापाकडं पाहिलं. ओनील खिडकीशी खुर्ची टाकून परसाकडं बघत बसला होता.

रात्रीच्या जेवणाला ताटाएवढी तूर्तिएर होती, मैद्याच्या पारीत डुकराचा खिमा भरून भाजलेली, वरून खरपूस. त्या घरात नाताळची तूर्तिएर म्हणजे पतातच्या चोरीचा सण. एका वर्षी त्यानं अख्खी लांबवली आणि लूकनं सरळ सांगून टाकलं की मीच खाल्ली. खिमा मात्र कुत्र्याच्या तोंडाला लागलेला होता. यंदा रोलांदनं पहिला तुकडा कुणाच्या ताटात न वाढता पतातपुढं ठेवला. त्यानं तो हुंगलाही नाही. तिचा हात तेवढा चाटला, सावकाश, पुन्हा पुन्हा, जणू तीच आजारी होती. रोलांद उठून मोरीशी गेली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासत बसली.

नाताळच्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. लिझेटनं आईला न विचारता डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सुट्टीबिट्टी काही नाही, रस्ता मोकळा असेल तर मी येते, पण आता त्याला सोडवायला हवं. रोलांदनं फोन हातातून हिसकावून घेतला. "तुम्ही घरच्यांबरोबर सण करा, डॉक्टर. आमचं आम्ही बघतो," असं म्हणून तिनं तो ठेवून दिला.

मग वादळ आलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. दोन दिवस वारा घराला धडका देत होता, अंगणातली गाडी दिसेनाशी झाली, आणि चार भिंतींत तीन माणसं आणि एक कुत्रा एवढेच उरले. पतातला आता उभं राहता येत नव्हतं. रोलांद त्याच्या खालची चादर बदलायची, चमच्यानं पाणी पाजायची, नळी लावायची. पाणी तोंडाच्या कडेनं ओघळून जायचं. श्वास सोडताना तो बारीक आवाज करायचा, कण्हण्यासारखा, आणि तो आवाज आला की लिझेट दुसऱ्या खोलीत जायची.

वादळ ओसरलं त्या सकाळी पतातला झटका आला. पाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. झटका थांबला तेव्हा तो फरशीवर ओला होऊन पडला होता, आणि लाज वाटल्यासारखी त्यानं मान वळवली होती. रोलांदनं फडकं घेतलं.

"बस झालं, ममा!" लिझेट ओरडलीच. "बस कर आता. त्याला नाही जगायचंय. तुझ्यासाठी जगतोय तो, दिसत नाही तुला?"

"तू मला शिकवू नकोस. चौदा वर्षं मी वाढवलंय त्याला."

"म्हणून असे हाल करायचे? लूकनं केले असते? लूक असता तर त्यानं..."

"लूकचं नाव घेऊ नकोस!"

"का नको घेऊ? त्याचाच कुत्रा आहे ना! त्याला कधीच सोडवलं असतं त्यानं. तू मात्र मे, मे, मे! काय आहे मे महिन्यात? काय होणारे असं मेमध्ये?"

"मेमध्ये जमीन मोकळी होते!"

रोलांदचा आवाज एवढा चढला होता की कुत्र्यानंही मान उचलायचा प्रयत्न केला. ती फडकं घेऊन तशीच बसली. मग बोलायला लागली ती मुलीकडं न बघता.

"तुला नाही माहीत. तू परत गेलीस तुझ्या शाळेत, गेलीस ते बरंच केलंस. मी रोज जायची. चर्चच्या मागं, टेकडीतल्या त्या दगडी खोलीपाशी. हिवाळ्यात गेलेल्यांना ठेवतात ना तिथं. लोखंडी दार, आणि दाराला कुलूप. आत माझं पोर फळीवर पडलेलं, आणि मी बाहेर. जमिनीत नाही, घरात नाही, कुठंच नाही. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, सगळा एप्रिल. मी त्या दाराला हात लावायची तर हात चिकटायचा लोखंडाला. थंडी वाजत असेल का त्याला, असला वेडा विचार यायचा. येणारच, आई आहे मी." तिनं पतातचा कान हातात घेतला. "आता हा गेला तर कुठं ठेवू मी याला? मागच्या शेडमध्ये? पोत्यात गुंडाळून, फावड्यांच्या शेजारी? मेपर्यंत? खड्डा होता. मीच बुजवायला लावला, या माझ्या तोंडानं. म्हणून आता याला जगवायचंय मला. नाही सहन होत मला पुन्हा तसं."

लिझेट येऊन आईच्या शेजारी फरशीवर बसली.

खिडकीशी खुर्ची सरकली. ओनील उठला होता. त्यानं बूट चढवले, टोपी घातली, आणि खुंटीवरचा रोलांदचा कोट काढून तिच्यापुढं धरला.

"चल."

"कुठं?"

"कोट घाल आणि चल."

"याला असं टाकून? डोकं फिरलंय का तुझं?"

"लिझेट बसेल त्याच्यापाशी. चल म्हणतो ना."

इतक्या वर्षांत त्यानं तिला असं कधी सांगितलं नव्हतं, म्हणूनच ती गेली असावी. बाहेर ऊन पडलं होतं, डोळे दिपतील असं. ओनील पुढं होऊन बर्फ तुडवत वाट करत होता आणि ती त्याच्या पावलात पाऊल टाकत मागून येत होती. सफरचंदाच्या झाडाखाली तो थांबला. फावड्यानं त्यानं बर्फ बाजूला सारलं. खाली माती लागली, दगडासारखी गोठलेली. त्यानं पहार घातली आणि जोर लावला. मातीचा वीतभर जाड थर ढेकळं होऊन सुटा झाला. त्याखाली फळ्या होत्या.

रोलांद बघत राहिली. ओनीलनं एक फळी उचकटली, मग दुसरी. खाली वाळलेलं गवत होतं, ठासून भरलेलं. तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी ते उपसू लागला, कवळ्यामागून कवळा. पांढऱ्या बर्फावर पिवळ्या गवताचा ढीग झाला, आणि शेवटी खाली काळा, चौकोनी, नीट कडा तासलेला खड्डा उघडा पडला. त्यातून ऑक्टोबरातल्या मातीचा वास आला.

"इकडं ये," तो म्हणाला. त्यानं तिचा हातमोजा काढला आणि तिचा हात धरून आतल्या कडेला टेकवला. माती मऊ होती. बोट दाबलं की आत जात होतं.

"तू म्हणालीस, भरून टाक. मी भरला. कशानं भरायचा ते काही तू सांगितलं नव्हतंस."

"आणि माती? इथली माती कुठं गेली?"

"कोठारात. पिंपांत भरून ठेवलीय, बटाट्यांच्या शेजारी. तिथं गोठत नाही."

रोलांदनं मोजा काढलेल्या हातानं त्याच्या छातीवर एक गुद्दा घातला. मग आणखी एक. "खोटारड्या! मेल्या, खोटारड्या! इतके दिवस रोज मी खिडकीतून बघतेय..."

"मार," ओनील म्हणाला. "पण तुला पुन्हा त्या दारापुढं उभी असलेली मला बघवली नसती. मी गाडीत बसायचो, तुला ठाऊक होतं का? रस्त्यापलीकडं. रोज. तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस." त्याचे ओठ गारठ्यानं निळे पडले होते. "हा खड्डा त्याच्यासाठी नव्हता खणला, रोलांद. तुझ्यासाठीच होता."

ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि आतली माती तिनं पुन्हा एकदा चाचपली. मग तिनं हात पुढं केला, आणि त्यानं तिला उठवलं.

घरात शिरल्यावर ती थेट शेगडीपाशी गेली आणि पतातच्या शेजारी फरशीवर आडवी झाली, नाकाला नाक लावून. "झालं, माझ्या राजा," ती म्हणाली. "झाली सगळी सोय. जा आता तू." आणि लिझेटकडं न बघताच, "डॉक्टरांना बोलाव. म्हणावं, रस्ता मोकळा होतोय."

ओनीलनं ट्रॅक्टरला बर्फ लोटायचं पातं जोडलं आणि हमरस्त्यापर्यंतची सगळी वाट स्वतः साफ केली. डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी पतातला टेबलावर घ्यायला लावलं नाही. त्याच फरशीवर बसल्या. रोलांदनं खुंटीवरून लूकचा शिकारीचा नारिंगी कोट काढला. तीन वर्षांत त्या कोटाला कुणी हात लावला नव्हता. तिनंच लावू दिला नव्हता. तो तिनं पतातच्या अंगावर घातला. त्यानं कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि, लिझेट नंतर शपथेवर सांगायची, शेपूट एकदा हलवली. सुई टोचलेली त्याला कळलीही नसावी. तो बारीक आवाज थांबला, आणि घर इतकं शांत झालं की शेगडीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.

तिकडं डिसेंबरात दिवस लवकर मावळतो, म्हणून त्यांनी वेळ घालवला नाही. ओनीलनं त्याला कोटासकट उचलून नेलं आणि खड्ड्यात उतरून स्वतःच्या हातानं ठेवलं. लिझेट थोडा वेळ उभी राहिली, मग रडू आवरेना तशी डॉक्टरीणबाईंना पोचवायला निघून गेली. ओनील ट्रॅक्टरवरून पिंपं घेऊन आला. एकेक पिंप कडेला कलवायचं आणि माती आत लोटायची. माती भुसभुशीत होती; कोठारातला बटाट्यांचा वास तिला लागला होता. माती काठापर्यंत वर आली तेव्हा दोघांचेही हात काळे झाले होते.

शेवटचं पिंप रिकामं झालं. ओनील फावड्यावर रेलून उभा राहिला. रोलांदला वाटलं, दम खातोय.

"लूक जायच्या आधीच्या ऑक्टोबरातही मी इथंच होतो," तो म्हणाला. "लूक या झाडावर चढून सफरचंदं पाडत होता. माझ्या डोक्यात नेम धरून मारत होता, गाढव. आणि मी खाली उभा." त्यानं बुटानं माती दाबली. "जमीन कशी लोण्यासारखी होती, रोलांद. नुसतं फावडं टेकवलं असतं तरी आत गेलं असतं."

रोलांदनं त्याच्याकडं पाहिलं. आपण तीन वर्षं एका बंद दारापुढं उभ्या होतो. हा माणूस तीन वर्षं या झाडाखाली उभा होता, आणि आपल्याला पत्ता नव्हता. तिनं त्याच्या हातातलं फावडं काढून झाडाला टेकवलं.

"अरे, कोण खणतं?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षांच्या पोरासाठी कोण खणून ठेवतं रे?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही, ओनील. कुठलाच बाप नाही."

तो रडायला लागला. चर्चमध्ये रडला नव्हता, मे महिन्यात पेटी खाली सोडली तेव्हाही नव्हता. आता तो म्हाताऱ्या माणसासारखा, तोंड उघडं टाकून, मोठ्यानं रडत होता. रोलांदनं त्याला धरून ठेवलं आणि तीही रडली, आणि हा आसू कुत्र्यासाठी आणि हा लूकसाठी असं वेगळं काढण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

अंधारून आलं तसं पुन्हा बर्फ भुरभुरायला लागलं, ताज्या मातीवर. ओनीलनं डोळे पुसले, गवत गोळा केलं आणि पिंप उचलायला वाकला. रिकामं पिंप एकट्यालाही सहज उचलता आलं असतं. रोलांदनं दुसरी बाजू धरली, आणि ते दोघं ते कोठारात ठेवून आले.